युरो: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी सविस्तर परीक्षण

युरोबद्दलचं मत आधीच सांगून टाकतो. युरोक्षेत्राच्या आत प्रवाशाला याहून सोयीचं चलन मिळणार नाही. लिस्बनला उरलेली वीसची नोट हेलसिंकीत चालते, अथेन्सला सुटे मिळालेले सेंट पॅरिसच्या बसमध्ये चालतात आणि वाटेत कुठेही पैसे बदलायच्या खिडकीसमोर उभं राहावं लागत नाही. लोकांच्या तक्रारी असतात, पण नीट ऐकल्या तर त्या युरोच्या नसतात. पैसा गळतो तो दोन जागी. एक म्हणजे जिथे रुपयाचा युरो होतो तिथे, मग ते जळगाव असो, धुळे असो की ऐन वेळी गाठलेला मुंबईचा विमानतळ. दुसरी जागा म्हणजे युरोची हद्द. ती संपली हे कळायच्या आत खिसा हलका झालेला असतो.

हद्दीचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. युरो १ जानेवारी १९९९ ला फक्त खात्यांत आणि हिशेबात आला, तेव्हा देश ११ होते. नोटा-नाणी लोकांच्या हातात पडली १ जानेवारी २००२ ला, तोवर ग्रीस बारावा झाला होता. क्रोएशिया २०२३ मध्ये आला आणि १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियाही आल्यामुळे आता देश २१ झाले. व्हॅटिकन, मोनॅको, सान मारिनो आणि अँडोरा करार करून युरो वापरतात. माँटेनेग्रो आणि कोसोव्हो यांनी तसा करार नसतानाच तो आपलासा केला आहे.

व्हिसा शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) आहे म्हणजे सगळीकडे युरो चालणार, हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. शेंगेन आणि युरो या दोन वेगळ्या याद्या आहेत. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण चलन फ्रँक. चेक प्रजासत्ताकात कोरुना, हंगेरीत फोरिंट, पोलंडमध्ये झ्लॉटी, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांचे आपापले क्रोन. उलट आयर्लंड आणि सायप्रसमध्ये युरो चालतो, पण ते शेंगेनमध्ये नाहीत.

आपल्याकडून जाणाऱ्या ग्रुप टूरमध्ये पॅरिस, ॲमस्टरडॅम, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली हा मार्ग ठरलेला असतो. त्यातले स्वित्झर्लंडचे दोन-तीन दिवस महागात पडतात. तिथली पर्यटकांची दुकानं युरोच्या नोटा घेतात, नाही असं नाही. पण भाव दुकानदाराचा असतो आणि सुटे परत मिळतात ते फ्रँकमध्ये. नाणी तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. पन्नास युरोची नोट देऊन बारा फ्रँकचं चॉकलेट घेतलं की उरलेले फ्रँक इटलीत गेल्यावर निरुपयोगी. त्यामुळे स्वित्झर्लंडमध्ये कार्ड वापरावं आणि बिल फ्रँकमध्येच करायला सांगावं. प्रागलाही हेच. तिथे दुकानात युरोचा भाव लिहिलेला दिसला तरी कोरुनातच पैसे भरावेत.

आता रुपयाचा युरो करण्याकडे वळू. इथे घाई केली की नुकसान ठरलेलं.

खान्देशात युरोच्या नोटांचा साठा ठेवणाऱ्या जागा मोजक्याच. तालुक्याच्या गावच्या बँक शाखेत गेलात तर बहुधा मागणी नोंदवून घेतात आणि नोटा मोठ्या शहरातून मागवतात. म्हणून निघायच्या आठ-दहा दिवस आधी कामाला लागा. प्रवासासाठी घेतलेलं परकीय चलन ६० दिवसांत वापरायचं असा नियम आहे, तेव्हा फार आधीही घेऊन ठेवू नये. सोबत पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन लागतं, शिवाय ए-टू नावाचा अर्ज भरावा लागतो. रोख रुपये देऊन ५० हजारांपर्यंतच खरेदी करता येते. त्यावरची रक्कम चेकने, कार्डने किंवा खात्यातून द्यावी लागते. आणि एका प्रवासाला ३,००० अमेरिकी डॉलरच्या किमतीएवढंच चलन नोटांच्या रूपात नेता येतं, बाकीचं कार्डावर.

भाव विचारताना जळगावच्या सराफ बाजारातली आपली सवय कामी येते. तिथे आपण सोन्याचा भाव वेगळा विचारतो आणि मजुरी वेगळी. युरोतही तसंच करा. बँकांमधला मूळ भाव वेगळा आणि विकणाऱ्याने त्यावर चढवलेला फरक वेगळा. मूळ भावाचा अंदाज घ्यायला फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामाच्या दिवशी दुपारी युरोचा संदर्भ दर जाहीर करते, तो बघावा. मग विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: सगळं धरून इतक्या युरोचे माझ्या खिशातून किती रुपये जातील?

आकडेमोड सोपी जावी म्हणून संदर्भ दर १०० रुपये धरू. २,००० युरो हवेत. एक जण १०१.५० चा भाव देतो आणि वर २०० रुपये सेवाशुल्क लावतो. दुसरा म्हणतो, शुल्क शून्य, पण भाव १०४. पहिल्याकडे २,०३,००० अधिक २००, दुसऱ्याकडे २,०८,०००. शुल्क शून्य असलेल्याकडे ४,८०० रुपये जास्त गेले. जीएसटीवरून काउंटरवर वाद होतात, पण तो खरं तर किरकोळ आहे. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का (किमान २५० रुपये) हे सेवेचं मूल्य धरतात. एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का. या मूल्यावर १८ टक्के कर. आपल्या उदाहरणात तो दोन्हीकडे पावणेतीनशेच्या आसपास येतो. हुज्जत घालायचीच असेल तर भावावर घाला.

डॉलर स्थिर असताना युरो एकदम का चढला, असं लोक विचारतात. युरो-रुपया हा भाव दोन भावांच्या गुणाकारातून निघतो: एका डॉलरचे रुपये किती, आणि एका युरोचे डॉलर किती. रुपया जागचा हलला नाही तरी फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेने व्याजदराबद्दल काही जाहीर केलं की दुसरा भाव हलतो आणि इथला आकडा बदलतो. मोठी रक्कम असेल तर सगळी एका दिवशी न घेता दोन-तीन टप्प्यांत घ्यावी. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, त्यामुळे विकणारे जोखीम धरून भाव चढा लावतात. कामाच्या दिवशी, दुपारनंतर घेतलेलं बरं. मुंबई विमानतळावरचा काउंटर हा शेवटचा उपाय. तिथला फरक गावातल्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

नोटा घेताना मूल्यांवर अडून बसा. काउंटरवरचा माणूस मोजायला सोपं म्हणून शंभराच्या किंवा दोनशेच्या नोटा पुढे करतो. त्या घेऊ नका. चार युरोच्या कॉफीसाठी दोनशेची नोट पुढे केली तर दुकानदार नकार देऊ शकतो. ५०० ची जांभळी नोट २०१९ पासून नव्याने काढली जात नाही. ती अजून कायदेशीर आहे, पण बँकेबाहेर ती कोणी आनंदाने घेत नाही. आठ-दहा दिवसांच्या ग्रुप टूरला माणशी ३०० युरो रोख पुरतात, बाकी कार्डावर ठेवा. पाचच्या चार, दहाच्या आठ आणि वीसच्या दहा नोटा मिळाल्या तर उत्तम. तशा मिळाल्या नाहीत तर पन्नासच्या घ्या आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्याच सुपरमार्केटमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोडा.

नोट हातात आली की तीन गोष्टी बघा. डाव्या-उजव्या कडेला बारीक उठावदार रेघा असतात, त्यावर नख फिरवलं की खरखर लागते. उजेडात धरली की कागदात चित्र आणि आकडा दिसतो. आणि कोपऱ्यातला हिरवा चकाकता आकडा नोट तिरपी केली की गडद निळ्याकडे झुकतो. वीस आणि त्यावरच्या नव्या नोटांवर चंदेरी पट्टीत एक पारदर्शक खिडकी असते, तिच्यात युरोपा या ग्रीक पुराणकथेतल्या स्त्रीचा चेहरा दिसतो. २००२ च्या जुन्या मालिकेच्या नोटाही चालतात, पण परत आल्यावर विकताना कुणी कुरकुर करू नये म्हणून नव्याच मागाव्यात. पेनाने लिहिलेली, पिन टोचलेली किंवा चिकटपट्टी लावलेली नोट घेऊ नका. तिकडे तिकिटाची यंत्रं अशी नोट तोंडातूनच परत फेकतात. नोट प्रवासात फाटलीच तर अर्ध्याहून मोठा तुकडा त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेत बदलून मिळतो.

नोटांवरच्या कमानी आणि पूल खऱ्या इमारतींचे नाहीत. ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कालिना यांनी ते वेगवेगळ्या काळांच्या शैलीत मुद्दाम काल्पनिक काढले, म्हणजे कोणत्याही एका देशाची वास्तू नोटेवर आली असं होऊ नये. पुढे नेदरलँड्समधल्या स्पाइकेनिसे गावाने ते सगळे पूल खरोखर बांधून घेतले, हे या चलनाबद्दलचं आमचं सगळ्यात आवडतं तथ्य.

नाण्यांवर मात्र प्रत्येक देशाची एक बाजू आपली असते. आयर्लंडच्या नाण्यावर वीणेसारखं हार्प, ग्रीसच्या एक युरोवर घुबड, जर्मनीच्या एक आणि दोन युरोवर गरुड. नाणं कुठलंही असो, चालतं सगळ्या देशांत. एक युरो आणि पन्नास सेंटची चार-पाच नाणी कायम वेगळ्या कप्प्यात ठेवा. सार्वजनिक स्वच्छतागृह, सुपरमार्केटची ट्रॉली आणि स्टेशनवरचे लॉकर यांना ती लागतात. सुटे घेताना दोन युरोच्या नाण्याकडे नीट बघा, कारण थायलंडचं १० बाह्टचं नाणं जवळपास तसंच दिसतं. फिनलंड, नेदरलँड्स, बेल्जियम, आयर्लंड, इटली अशा काही देशांत रोखीचं बिल पाच सेंटच्या पटीत करतात. ९.९८ च्या बिलाला दहा घेतले तर त्यात फसवणूक नाही.

आता फॉरेक्स कार्ड. युरो भरलेलं प्रीपेड कार्ड हे प्रवाशासाठी सगळ्यात सोयीचं साधन. भाव भरताना पक्का होतो, हरवलं तर बंद करता येतं आणि पन्नास युरोपर्यंतचं बिल बऱ्याच ठिकाणी नुसतं टेकवून होतं. आपल्या नेहमीच्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनासाठी साधारण २ ते ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी जातो, तेवढं इथे वाचतं. पण तीन ठिकाणी हे कार्ड दगा देतं.

पहिलं ठिकाण युरोबाहेरच्या देशांत. कार्डात फक्त युरो असतील आणि बिल फ्रँकमध्ये झालं, तर चलन बदलण्याचा वेगळा आकार लागतो. स्वित्झर्लंडचे दिवस असतील तर बहुचलनी कार्ड घेऊन त्यात थोडे फ्रँक वेगळे भरावेत. दुसरं ठिकाण हॉटेल, पेट्रोल पंप आणि भाड्याची गाडी. तिथे आधी शंभर-दीडशे युरो अडकवून ठेवतात आणि ते मोकळे व्हायला काही दिवस जातात. गाडी भाड्याने देणारे तर प्रीपेड कार्ड बहुतेक वेळा घेतच नाहीत, त्यांना क्रेडिट कार्ड लागतं.

तिसरं ठिकाण सगळ्यात महाग, आणि तिथे चूक दोन सेकंदांत होते. एटीएममध्ये कार्ड घातलं, शंभर युरो मागितले, की पडद्यावर येतं: तुमच्या खात्यातून ११,२०० रुपये जातील, हा भाव मान्य आहे का? खाली दोन बटणं. रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून माणूस हिरवं बटण दाबतो. इथेच बारा टक्के गेले (आपल्या १०० च्या भावाने शंभर युरोचे १०,००० व्हायला हवे होते). यंत्र चालवणाऱ्याने आपला भाव लावला. युरोचं कार्ड असलं तरी यंत्र ते भारतीय बँकेचं म्हणून ओळखतं आणि रुपयाचा पर्याय पुढे करतं. मान्य केलं तर युरोचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा युरो, असा दुहेरी फटका. ‘विदाउट कन्व्हर्जन’ किंवा ‘डिक्लाइन’ दाबायचं. पैसे तरीही येतात. व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटेल असाच पडद्यावरचा मजकूर असतो, पण रद्द होत नाही. दुकानातल्या मशीनवरही हाच प्रश्न येतो आणि कधी कधी विक्रेता न विचारताच रुपया निवडतो. पावतीवर रुपयांचा आकडा दिसला तर तिथल्या तिथे रद्द करायला लावून युरोत पुन्हा करून घ्या. पर्यटकांच्या गल्लीतल्या, कुठल्याही बँकेला न जोडलेल्या सुट्या एटीएमपेक्षा बँकेच्या इमारतीत असलेलं मशीन वापरावं. कार्ड देणारी बँक दर वेळी दीड-दोन युरो घेते, म्हणून वीस-वीस काढण्याऐवजी एकदाच दीडशे काढावेत.

रोख आणि कार्डाचं प्रमाण देशागणिक बदलतं. जर्मनी-ऑस्ट्रियात छोटी बेकरी किंवा गावातलं खानावळवजा हॉटेल रोखच मागू शकतं. नेदरलँड्समध्ये उलट ‘फक्त कार्ड’ अशी पाटी असते. इटलीत हॉटेलवाले माणशी, रात्रीगणिक शहर कर वेगळा मागतात, तो टूरच्या पैशात धरला आहे का हे निघण्याआधी विचारून ठेवा. आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी २०२४ पासून यूपीआय चालतं, पण तेवढ्यावर विसंबून निघू नये.

सगळे पैसे एकाच रूपात ठेवू नका, यामागे या चलनाची एक खरी कमजोरी आहे. नोट सगळ्यांची एक असली तरी बँका त्या त्या देशाच्या आहेत. २०१५ च्या जून अखेरीस ग्रीसमध्ये बँका बंद झाल्या आणि स्थानिक खातेदारांना एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता येऊ लागले. परदेशी कार्डांना ती मर्यादा नव्हती, पण रांगा सगळ्यांना सारख्याच होत्या. शेजारच्या युरो देशांत त्याच दिवशी तीच नोट बिनदिक्कत चालू होती. २०१३ मध्ये सायप्रसनेही असाच काळ पाहिला.

जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी वेगळं सांगायला हवं. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड’ खात्यात (ज्यातून महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, दाखवावे लागतात. ही रक्कम पाठवताना मधल्या बँका आपला आकार कापतात आणि तिकडे ११,८८० पोहोचतात. वीस-पंचवीस युरोंसाठी खात्याची पुष्टी अडते आणि व्हिसाची तारीख जवळ आलेली असते. पाठवताना शुल्काच्या रकान्यात ‘अवर’ निवडा, म्हणजे सगळा आकार पाठवणाऱ्याकडे. तरीही पंचवीस-तीस युरो जास्तीचे पाठवावेत. कारणाचा कोड शिक्षणाचाच, म्हणजे एस-०३०५, टाकला आहे का ते अर्जावर स्वतः बघा. आर्थिक वर्षात १० लाखांवर रक्कम गेली की त्यावरच्या भागावर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर) कापला जातो. शिक्षणासाठी दर कमी असतो आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर काहीच नाही. कोड चुकला तर जास्त दराने कापतात. कापलेला टीसीएस विवरणपत्रात वळता करता येतो, पण ऐन प्रवेशाच्या वेळी तेवढी रक्कम अडकते. तिकडचं खातं सुरू झालं की पुढे सगळं सुरळीत. युरोक्षेत्रातल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पासून दहा सेकंदांत पैसे पोहोचवण्याची सोय द्यावी लागते आणि पाठवण्याआधी नाव व आयबॅन (तिकडचा खाते क्रमांक) जुळतो का हेही तपासून सांगावं लागतं. आपल्या यूपीआयची सवय असलेल्या मुलांना ते जड जात नाही.

परतताना नाणी तिकडेच संपवा, इकडे ती कोणीही विकत घेत नाही. विमानतळावर बिल अर्धं नाण्यांत आणि अर्धं कार्डावर करता येतं. पन्नासपेक्षा जास्त नाणी एका वेळी घेण्याचं बंधन दुकानदारावर नाही, एवढं लक्षात ठेवा. उरलेल्या नोटा २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत स्वतःजवळ ठेवता येतात. त्यावरच्या परत आल्यापासून १८० दिवसांत विकाव्या लागतात. विकताना संदर्भ दरापेक्षा दोन-तीन रुपये कमी मिळतात, म्हणून वर्षा-दोन वर्षांत पुन्हा जायचं असेल तर ठेवलेल्याच बऱ्या. कार्डावर उरलेली रक्कम मात्र लगेच काढून घ्या, कारण काही कार्डांवर वापर नसेल तर दर काही महिन्यांनी आकार लागतो.

जुन्या पेटीत पूर्वीच्या प्रवासातले जर्मन मार्क सापडले तर फेकू नका. जर्मनीची मध्यवर्ती बँक ते १.९५५८३ मार्कला एक युरो या भावाने आजही बदलून देते, मुदत नाही. बल्गेरियाचा लेव्ह १९९९ मध्ये मार्कलाच बांधलेला होता, म्हणून त्याचाही भाव नेमका तोच ठरला. फ्रान्सचे फ्रँक आणि इटलीचे लिरा यांची मुदत मात्र २०१२ च्या फेब्रुवारीपर्यंत संपून गेली, ते आता संग्रहातच ठेवायचे.